देवीच्या दोरीवरचं कापड

पितृपंधरवड्यातली दुपार. पाऊस ओसरून ते पांढरं, चिकट ऊन सुरू झालं होतं, ज्याला आम्ही सगळे ऑक्टोबर हीट म्हणतो, मग महिना कुठलाही असो. वर्तकनगरच्या सिग्नलला माझी रिक्षा थांबली आणि शेजारी एक डंपर येऊन उभा राहिला. सहज वर पाहिलं. डंपरच्या पुढच्या जाळीला हातभर लांब लाल पट्टी बांधलेली होती. वर्षभराची धूळ, डिझेलचा धूर आणि अख्खा पावसाळा अंगावर घेऊनही लालच. आणि तिच्यावर बोटभर लांबीचे निळे धागे. मी इतक्या जोरात "अगंबाई!" म्हणाले की रिक्षावाला दचकून मागे वळला, "काय झालं मावशी, काही राहिलं काय?" राहिलं होतं खरं. पण तेवढ्यात सिग्नल सुटला, डंपर कापूरबावडीकडे निघून गेला आणि मी मागच्या वर्षीच्या नवरात्रात जाऊन पडले.

मला धक्का बसायला फारसं काही लागत नाही, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. दूध उतू गेलं तरी माझा हात छातीवर जातो. आमचे हे म्हणतात, भूकंप झाला काय आणि कुकरची शिट्टी झाली काय, हिचा चेहरा एकच. असेल. पण मागच्या आश्विनात जे धक्के बसले, त्यांना तोंडातून 'अगंबाई' निघत नाही. तोंड नुसतं उघडं राहतं, आणि कितीतरी दिवसांनी, भाजी निवडताना वगैरे, आपल्या लक्षात येतं की आपण अजून त्याच जागी उभ्या आहोत.

कोलशेतला खाडीच्या बाजूला, जुन्या गावाच्या कडेला, एक पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथे पुठ्ठ्याचे खोके बनत. ती आम्ही काही जणांनी मिळून भाड्याने घेतली होती. आम्ही म्हणजे कापडावर काम करणारे. कुणी विणायचं, कुणी छापायचं, कुणी रंगवायचं. मी तुकडे जोडून चित्रं करते. आयुष्यभर शिवणाचे क्लास घेतले आणि गुडघे बोलू लागल्यावर मला कळलं की मी 'उदयोन्मुख वस्त्रकलाकार' आहे. आमच्यासारख्यांसाठी निघणाऱ्या प्रत्येक आवाहनात हाच शब्द असतो. मी पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा हे चष्म्यावरून बघत म्हणाले, "उदय कधी आहे ते आधी सांग, म्हणजे मी चहा टाकतो."

पण त्या शेडमध्ये गेलं की हसू यायचं नाही. एक सांगते, कापडाचं काम करणारा माणूस फार एकटा असतो. चित्रकाराला निदान चित्रकार म्हणतात. आम्हाला विचारतात, "ब्लाउज शिवून देता का?" त्यामुळे रंगवण्याआधी कापड ज्यात भिजवतात त्या हिरड्याच्या पाण्याच्या तुरट वासात, भिजलेल्या सुताच्या ओलसर गारव्यात, चार माणसं आपापल्या टाक्यांवर वाकून बसलेली दिसली की मला माहेरी आल्यासारखं वाटायचं. आमच्यातल्या अनिरुद्धने हे सगळं जुळवून आणलं होतं. डोंबिवलीचा मुलगा, कापडाच्या डिझाइनचं रीतसर शिक्षण घेतलेला, बोलायला गोड. कुठे काय संधी आहे, कुणाला कसं पत्र लिहायचं, आपल्या कामाविषयी दोन ओळी कशा मांडायच्या, हे सगळं त्याला ठाऊक. आम्ही त्याच्या तोंडाकडे बघायचो. मीसुद्धा, माझ्या मुलाच्या वयाचा असून.

आणि तेजल. विठ्ठलवाडीची. स्टेशनपासून आत, उल्हासनगरच्या अंगाला, जिथे घरोघरी जीन्सचे गठ्ठे येतात. शिवून झालेल्या जीन्सला जागोजागी धाग्यांची टोकं लोंबत असतात. ती कापून माल साफ करायचा, हे तिथल्या कितीतरी बायकांचं काम. तेजलची आई, सुनंदाताई, तेच करते. अंगठा आणि बोट यांत बसणारी छोटी कात्री घेऊन दाराशी बसायचं आणि दिवसभर कच्-कच्-कच्. तेजल सांगायची, "काकू, मला ना लहानपणी वाटायचं सगळ्यांच्या मम्मीच्या हाताला तो आवाज असतो."

कापलेले धागे सुनंदाताई सुपलीत भरून टाकून द्यायची. तेजल ते साठवू लागली. निळे, पांढरे, जीन्सच्या खिशावर असतात ते नारिंगी. मग तिने एक लांबलचक पांढरं सुती कापड घेतलं आणि आईने कापलेला एकेक धागा त्यावर ठेवून बारीक टाक्याने बसवायला लागली. गर्दी कुठे, विरळ कुठे. जवळून बघितलं तर नुसती टोकं. लांबून बघितलं तर खाडीवर पाऊस पडताना दिसतो तसं काहीतरी. पावसाळ्याआधी सुरू केलेलं ते काम नवरात्र आलं तरी चालूच होतं. सुनंदाताई म्हणायची, "मी जन्मभर धागे कापत्ये आणि ही बया ते परत लावत्ये. आमच्या घरात अक्कल कुणाला आहे ते तुम्हीच ठरवा."

तेजलच्या वडिलांनी तिला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. त्यानंतर जीन्सच्या एका युनिटच्या ऑफिसात, त्यांच्या ओळखीच्या माणसाकडे, कम्प्युटरवर बसायचं. वाईट नव्हते ते. त्यांना फक्त हे कळत नव्हतं की मुलगी नक्की काय करते, आणि ते त्यांना एका वाक्यात सांगणं आमच्यापैकी कुणालाही जमलं नाही. तेवढ्यात अनिरुद्धने बातमी आणली. ठाण्यात नव्याने उघडलेल्या एका कलादालनात आमच्यासारख्यांच्या कामांचं प्रदर्शन होतं, आणि त्यातून एकाला निवडून वर्षभर त्यांच्या मोठ्या कार्यशाळेत राहून काम करायला मिळणार होतं. राहणं, जेवण, माग, रंग, शिकवणारी माणसं, सगळं. "तेजल, हे तुझंच आहे बघ," अनिरुद्ध म्हणाला होता. अगदी असंच म्हणाला होता. मी तिथे होते.

कापडाला रंग द्यायचं काम शेवटी ठेवलं होतं. मंजिष्ठेच्या मुळांचा लाल. जीन्सचा धागा पॉलिस्टरचा, तो मंजिष्ठेला दाद देत नाही; म्हणजे कापड लाल होणार आणि आईचे धागे निळे ते निळे, पांढरे ते पांढरे राहणार. नवरात्राच्या सातव्या माळेला आम्ही मोठ्या पातेल्यात ते कापड ढवळलं. मी, ती आणि अनिरुद्ध, आळीपाळीने. बाहेर काढलं आणि उजेडात धरलं. असा लाल मी कुंकवातही पाहिलेला नाही.

असं कापड उन्हात वाळवायचं नसतं, सावलीत वाळवायचं, आणि मग काही दिवस तसंच हवेवर मुरू द्यायचं. शेडमध्ये एवढं लांब कापड मावेना. अंगणात शेडच्या मालकांनी दसऱ्यासाठी धुऊन पुसून आपले डंपर उभे केलेले. तेजल म्हणाली, "काकू, देवळासमोर चल ना. तिकडे पत्र्याचा मांडव आहे, मस्त सावली आहे, आणि दोरीपण बांधलेली आहे." गेलो. गावदेवीचं छोटं देऊळ, समोर मोठा मांडव, त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड दोरी ताणलेली. मांडवात बायका फुलं निवडत बसल्या होत्या. देवळाची झाडलोट बघणारी भीमाबाई त्यांच्यात होती. आमच्या शेडसमोरून येता-जाता हाक मारणारी, म्हणून ओळखीची.

ओलं लाल कापड बघून ती उठूनच उभी राहिली. "अगो बाय, कवरा बेस रंग हाय!" तिनेच एक टोक धरलं. बाकीच्या बायकाही उठल्या. सगळ्यांनी मिळून ते दोरीवर घातलं, सुरकुत्या काढल्या, खालून हात फिरवून पाहिलं. आणि मग भीमाबाईने तेजलला पाटावर बसवून तिची ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ. मलाही एक नारळ मिळाला. तेजल लाजून चूर. "काय भारी लोक आहेत ना काकू," ती परत येताना म्हणाली. "आपण वाळत घालायला गेलो आणि यांनी ओटी भरली." मी म्हटलं, "नवरात्र आहे ना. पद्धत असते." पद्धत होती हे खरंच. कसली, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. त्या नारळाची मी खोबऱ्याची वडी केली आणि शेडमध्ये सगळ्यांना वाटली.

दसऱ्याला सकाळी आम्ही कापड आणायला गेलो. तेजलने नवा कुर्ता घातला होता. अनिरुद्ध कॅमेरा घेऊन आला होता, वाळलेल्या कापडाचे फोटो काढायचे म्हणून. वळणावर पहिला डंपर दिसला. झेंडूचे हार, आपट्याची पानं, बॉनेटवर हळदीचं बोट, आणि मधोमध लाल पट्टी. मला वाटलं, योगायोग. मग पाण्याचा टँकर दिसला, त्याला लाल पट्टी. एक पोकलेन, त्याच्या लांब हाताला. शाळेची बस. दोन स्कुट्या. खाडीच्या काठाला ओढून ठेवलेली होडी. एका बंगल्याच्या दाराला, तोरणाखाली. ऊन स्वच्छ पडलं होतं, कुठेतरी बँजोवाले वाजवत होते, आणि जिकडे बघावं तिकडे मंजिष्ठेचा लाल, आणि त्या लालात बोटभर लांबीचे निळे धागे. काही कात्रीत मधोमध कापले गेलेले.

तेजल कुठल्याशा गाडीजवळ गेली आणि तिने ती पट्टी हातात घेतली. सोडली नाही, ओढली नाही. नुसती हातात धरून उभी राहिली. तिने मला विचारलं, "काकू, हे आपलंच आहे का?"

मांडवात दोरी रिकामी होती. भीमाबाई आम्हाला बघून हसत पुढे आली, हातात प्रसादाचं ताट. मी जे काही बोलले ते ओरडूनच बोलले असणार, कारण बँजोवाल्यांनीसुद्धा मान वळवली. भीमाबाईला समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा तिने ताट खाली ठेवलं.

"माना वाटला पोरीनं देवीला आनला," ती म्हणाली. "देवीचे दोरीवं जेलेला कपरा परत येत नाय गो बाय. दसऱ्याचे दिवशी कापतान नि घराघरान देतान. पयले होरीला बांधायचे, मिठागराचे फावऱ्याला बांधायचे. आता गारीला बांधतान." मग तिने सांगितलं की देवीला लांब लाल कापड आणण्याचा मान एका घराचा होता. ते घर जमीन विकून कधीच गाव सोडून गेलं. तेव्हापासून दोरीवर दुकानातल्या चमकीच्या चुनऱ्या यायच्या. आणि यंदा सातव्या माळेला एक परकी पोर स्वतःच्या हाताने रंगवलेलं कापड घेऊन दारात उभी राहिली. "आमी तर रडलो गो, तुमी जेल्यावर. बोललो, देवीनं घर शोधला."

चोरी झाली असती तर पोलिसात गेलो असतो. शिवी तरी देता आली असती. इथे समोर एक म्हातारी बाई स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होती आणि तेजलच तिचे हात धरून म्हणत होती, "आजी, असू दे. असू दे ना. तुम्हाला माहीत नव्हतं." आणि त्याच वेळी मागून कॅमेऱ्याचा आवाज येत होता.

अनिरुद्धचे डोळे चमकत होते. "तेजल, तुला कळतंय का काय झालंय? हे त्या कापडापेक्षा मोठं आहे! तुझ्या आईचे धागे डंपरवर! अख्खं गाव सहभागी! असं कुणी ठरवूनही करू शकणार नाही. आपण हेच मांडू."

तेजल त्याच्याकडे वळली. मी तिला कधी आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही तिने चढवला नाही. "दादा, हे माझं काम नाही. माझं काम फाटलंय. त्याचे फोटो कुठे लावू नकोस. प्लीज."

"बरं," अनिरुद्ध म्हणाला. तेही मी ऐकलं.

प्रदर्शन दिवाळीच्या आधी होतं. तेजलकडे मांडायला काहीच उरलं नव्हतं. काही महिन्यांचं काम काही दिवसांत परत होत नाही, विशेषतः धागे आधी कुणीतरी कापावे लागतात तेव्हा. तिने कळवून टाकलं की माझं काम नाही. पण आईला सांगायचं धाडस तिला झालं नाही. आणि सुनंदाताई, जिने तोवर त्या सगळ्याची टिंगलच केली होती, ती त्या दिवशी जरीची साडी नेसून, शेजारणीला सांगून, काम बंद ठेवून ठाण्याला आली. माझं एक चित्र तिथे टांगलेलं होतं, म्हणून मी आधीच पोचून दाराशी थांबले होते. गार, पांढरं दालन. बोललं की आवाज परत येतो असं. तेजल दारात माझ्या कानाशी म्हणाली, "काकू, मम्मीला चहा पाजून इथूनच परत नेते. आत नको."

पण सुनंदाताई आत गेली होती.

समोरच्या अख्ख्या भिंतीवर फोटो होते. माणसाच्या उंचीचे. डंपर, लाल पट्टी. होडी, लाल पट्टी. बंगल्याचं दार. पोकलेनचा हात. आणि एक फोटो पाठमोऱ्या तेजलचा, नव्या कुर्त्यात, पट्टी हातात धरून उभी असतानाचा. खाली नाव अनिरुद्धचं.

मी कितीतरी वेळ ते नाव वाचत होते. मराठीत होतं, तरी मला ते लागेना.

सुनंदाताई एका फोटोला नाक लावून उभी होती. तिने बोट पुढे केलं, काचेपर्यंत नेलं. "हा बघ, हा चैत्रातल्या मालाचा धागा. नारिंगी. तो माल परत आलेला," ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली. मग तेजलकडे वळून, "तुझंच ना हे? पण हे गाडीला का बांधलंय गं? आणि नाव चुकलंय त्यांचं." आणि आम्ही काही म्हणायच्या आत ती टेबलाशी बसलेल्या मुलीकडे गेली. "ताई, त्या भिंतीवर नाव चुकलंय. ते माझ्या पोरीचं आहे. तेजल लिहा." ती मुलगी गोंधळली, कुणाला तरी विचारून आली आणि फार सभ्यपणे म्हणाली, "नाही मावशी, ते बरोबर आहे."

ती सभ्यता मला अजून टोचते.

अनिरुद्ध पलीकडे लोकांत उभा होता. मी तरातरा गेले आणि सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "तू 'बरं' म्हणाला होतास ना?" तो गोरामोरा झाला, पण त्याच्याकडे उत्तर तयार होतं. त्याच्याकडे नेहमीच असायचं. "काकू, फोटो माझे आहेत. मांडणी माझी आहे. तेजल स्वतः नको म्हणाली. मग हे वाया जाऊ द्यायचं का? खाली मी गावाचे आभार मानलेत." त्याचं म्हणणं ऐकताना मला भीती वाटली ती ही, की शब्द सगळे बरोबर होते. टाकाही कुठे उसवलेला नाही. फक्त ज्याचं कापड त्याचं नाव नाही.

तेव्हा तेजल आली. तिने त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं आता ही रडेल, किंवा मारेल, आणि मारलं असतं तर मी धरलं नसतं.

"दादा," ती म्हणाली, "त्यांनी घेतलं तेव्हा माझी ओटी भरली होती. तू नारळ विसरलास."

एवढंच. आईचा हात धरून ती बाहेर गेली.

वर्षभराची ती जागा अनिरुद्धला मिळाली. दिवाळीनंतर तेजल जीन्सच्या युनिटच्या ऑफिसात बसू लागली. आमच्या शेडमधली माणसं एकेक करून यायची थांबली; कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही, आणि मला वाटतं त्या न बोलण्यानेच ते सगळं मोडलं. मी आणि आणखी दोघी तेवढ्या चिवटपणे जात राहिलो. समूह, सहकार्य, एकमेकांना हात देणं, असं पुष्कळ आम्ही त्या शेडमध्ये बोललो होतो. मनापासून बोललो होतो. पण आमच्यासारख्यांना संधी म्हणजे रणरणत्या उन्हातली एकच सावली. दहा जण तिच्याकडे बघत असतात, आणि मग चांगला माणूससुद्धा कोपर मारायला शिकतो. मला अनिरुद्धचा राग आहे. अजून आहे. पण त्याहून जास्त मला याचा धक्का आहे की त्याला खरोखर वाटत होतं, आपण काही वाईट केलं नाही.

तर सिग्नलवरची ती पट्टी. घरी येऊन मी तेजलला फोन केला. वर्षभरात आम्ही सणावारापुरतंच बोललो होतो. म्हटलं, "अगं, तुझा लाल उतरला नाही. पावसाळा गेला, तरी उतरला नाही." ती म्हणाली, "काकू, मी आता ते करत नाही." मागे प्रिंटरचा आवाज येत होता.

आणि दोनच दिवसांनी शेडच्या दारात भीमाबाई उभी. हातात काठी आलेली. "ती लाल कपऱ्यावाली पोर खं जेली? तिला सांग, नवरात्र आला. देवीची दोरी रिकामी हाय."

मी बघतच राहिले. तिला वाटलं मला कळलं नाही. मग तिने मला शाळेतल्या पोरीला समजवावं तसं समजावलं. ज्याच्या हातचं कापड एकदा दोरीवर चढलं, त्याचा तो मान. मग ते चुकून चढलेलं असो. देवीला चूक बीक कळत नाही. आता वर्षाच्या वर्षाला कापड तेजलचंच येणार. तिने नाही आणलं तर दोरी रिकामी राहील, दुसऱ्या कुणाचं चालणार नाही. "चुनऱ्या घेतल्या नाय आमी यंदा," ती म्हणाली. गावाने ठरवून टाकलं होतं. ना कुणी अर्ज मागवले, ना निवड केली. आमच्या सगळ्या धडपडीत ज्याची आस होती ते या बाईने काठी टेकत टेकत दारात आणून ठेवलं होतं, की बाई गं, तुझ्यावाचून अडलंय.

तेजलला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा ती फोनवर हसली. मग विचारलं, "परत कापणार?"

"कापणारच."

"म्हणजे, आधी सांगून कापणार."

"हो गं. सांगायलाच तर आली होती."

पुन्हा प्रिंटरचा आवाज. "मग करते," ती म्हणाली.

या वेळी वेळ थोडा होता आणि ऑफिस होतं, म्हणून सुनंदाताईही बसली. जीन्सचे धागे कापायचे आणि तिथल्या तिथे कापडावर लावायचे. "आमच्या घरात अक्कल कुणालाच नाही," ती मला म्हणाली. या कापडावर मी एक वेगळी गोष्ट पाहिली. हातभर धागे दाट लावलेले, मग बोटभर रुंदीची जागा पूर्ण मोकळी. पुन्हा हातभर धागे, पुन्हा मोकळी जागा. विचारलं तर तेजल म्हणाली, "इथून कापतील ना. एकपण धागा मधे यायला नको. ज्याच्या घरी जाईल त्याच्याकडे पूर्ण जायला पाहिजे."

दसऱ्याला मांडवात गाव जमलं होतं. भीमाबाईने दोरीवरून कापड उतरवलं, देवीच्या पायाला लावलं, आणि मोठी कात्री उचलून सुनंदाताईपुढे धरली. मान पोरीचा, तर पहिली कात्री तिच्या आईने चालवायची. सुनंदाताईने ती घेतली. जन्मभर कात्री हातात असलेली ती बाई, आणि तिने कात्री उघडलीच नाही. "मला नाही जमायचं," ती म्हणाली. "मी एकेक लावलाय गं यात."

"मम्मी, मोकळी जागा ठेवलीय," तेजल तिच्या कानाशी म्हणाली. "हात फिरव. सापडेल तुला."

सुनंदाताईने अंगठा फिरवला. धागे, धागे, धागे, आणि मग नुसतं गुळगुळीत कापड. तिथे तिने कात्री लावली. कच्. तो आवाज मी ओळखला.

भीमाबाईने तिची ओटी भरली. पहिली पट्टी तिच्याच हातात दिली. सुनंदाताईने ती उलटीसुलटी करून पाहिली, सवयीने, माल तपासावा तशी. कडेला एक निळा धागा टाक्यातून जरा सुटून खाली आला होता. तिचा हात आपसूक कमरेशी गेला, तिथे तिची ती छोटी कात्री खोचलेली होती. ती बाहेर काढली. धागा बोटात धरला. मग तिने माझ्याकडे पाहिलं, तेजलकडे पाहिलं, आणि कात्री पुन्हा कमरेला खोचली.

"लोंबू दे," ती म्हणाली.